किती पुरे? भूक, अन्न आणि वजन यांच्या वादाचा आढावा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या गावात आरोग्यखात्याची दोन मोजमापे शेजारीशेजारी चालतात. अंगणवाडीत सहा वर्षांखालच्या मुलांचे वजन आणि उंची घेतात, दंडाचा घेर रंगीत पट्टीने मोजतात, आणि मूल ‘सॅम’ (तीव्र कुपोषित), ‘मॅम’ (मध्यम कुपोषित) की साधारण हे ठरवतात. उपकेंद्राच्या तपासणीत तिशी ओलांडलेल्यांचे बीपी आणि शुगर बघतात, आशाताई कमरेला टेप लावतात. एकीकडे आकडा कमी येण्याची धास्ती, दुसरीकडे जास्त येण्याची. आणि पुष्कळदा दोन्हीकडची माणसे एकाच घरातली असतात: नातू अंगणवाडीच्या यादीत, आजी शुगरच्या गोळ्यांच्या यादीत.

राज्याचे आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 20.8 टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आढळल्या आणि 23.4 टक्के प्रमाणापेक्षा जाड. पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. 54.2 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होते. उपासमार आणि लठ्ठपणा हे एकापाठोपाठ येणारे दोन काळ आहेत, पहिला संपला की दुसरा सुरू होतो, अशी समजूत होती. इथे दोन्ही एकाच छपराखाली नांदत आहेत.

माणसाला किती खायला हवे, किती वजन योग्य, आणि ते ठरवायचे कोणी, हा वाद महाराष्ट्रात दीडशे वर्षे चालू आहे. त्यातल्या काही महत्त्वाच्या बाजू मराठी माणसांनीच मांडल्या आणि त्या जगभर चर्चिल्या गेल्या. तो वाद आज कुठे उभा आहे, हे क्रमाने पाहू.

तुटीचा मुलूख

कोकण हिरवे दिसते, पण रत्नागिरी जिल्हा धान्याच्या बाबतीत कायम तुटीचा राहिला. भाताची खाचरे थोडी, बाकी उतारावरची वरकस जमीन. तिच्यावर नाचणी आणि वरी. पाऊस उदंड पडतो आणि चार महिन्यांत समुद्राला मिळतो, त्यामुळे पीक बहुधा एकच. मे महिन्यात आगोटीची बेगमी करून ठेवायची, सुकी मासळी, कुळीथ, तांदूळ डब्यांत भरायचे, आणि नवे भात घरात येईपर्यंत त्यावर काढायचे, ही रीत होती. बेगमी आटत आली की टाकळा, भारंगी, कुरडू या रानभाज्या आणि नाचणीची आंबील कामी येई. आज या भाज्यांचे महोत्सव भरतात. तेव्हा त्या अडचणीच्या दिवसांचा आधार होत्या.

या तुटीनेच कोकणी माणसाला मुंबईच्या गिरणीत, बंदरावर आणि पलटणीत नेले. खेडच्या घाटमाथ्याजवळच्या वाड्यांपासून खाडीकाठच्या मोहल्ल्यांपर्यंत घरटी कोणीतरी बाहेर असे. मोहल्ल्यांतून पुढे आखातापर्यंत माणसे गेली. गावची चूल मनीऑर्डरवर पेटायची. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, आणि जिल्ह्याची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांत घटली होती.

पोटापाण्यासाठी झालेल्या या फाळणीत जेवणही विभागले गेले. पुरुष गिरणगावातल्या खाणावळीत जेवत. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. इकडे गावात शेती, गुरे, लाकूडफाटा आणि पाणी हे सगळे बाईच्या अंगावर. तिचे जेवण सगळ्यांच्या नंतर, भांड्यात उरेल ते. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून दहा तास काम करणारी, पहाटेच्या पेजेवर दुपार काढणारी, आणि त्यातच गरोदर असणारी बाई या वादाच्या मध्यभागी उभी आहे. तिच्या शरीरावर काय परिणाम झाला, हा प्रश्न विज्ञानाने फार उशिरा विचारला.

किती अन्न पुरे? सुखात्मे आणि दांडेकर

1876-78 च्या दुष्काळात इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरे होतील असे ठरवले. एवढ्यावर अंगमेहनत करणारा माणूस तगणार नाही, असा आक्षेप मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी घेतला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही मजुरांची बाजू लावून धरली. जगायला लागणारे किमान अन्न सरकारने आकड्यात बांधण्याची आणि त्या आकड्यावर भांडण होण्याची ही सुरुवात.

शंभर वर्षांनी तोच वाद पुण्यात दोन मोठ्या अभ्यासकांमध्ये रंगला. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर अहवाल लिहिला. माणशी दिवसाला 2250 कॅलरी मिळतील एवढा खर्च करू न शकणारे ते गरीब, असे माप त्यांनी लावले. दारिद्र्यरेषेची पुढची सगळी चर्चा या मापावरून पुढे गेली.

त्यावर डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी हरकत घेतली. साताऱ्याकडचे सुखात्मे नावाजलेले संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा सांख्यिकी विभाग त्यांनी जवळजवळ दोन दशके सांभाळला आणि निवृत्तीनंतर पुण्यात काम केले. त्यांचे म्हणणे असे: एकाच निरोगी माणसाचे खाणे रोज सारखे नसते, आठवड्यागणिक वरखाली होते, आणि शरीर आपला खर्च त्यानुसार जुळवून घेते. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित म्हणता येणार नाही. रेषा सरासरीवर न आखता शरीराच्या जुळवून घेण्याच्या खालच्या टोकावर आखली, तर उपाशी ठरणाऱ्यांची संख्या बरीच कमी भरते. त्यांच्या मते खरी अडचण पुष्कळदा धान्यापेक्षा घाण पाणी, जुलाब आणि जंत यांची असते; खाल्लेले अंगी लागत नाही.

दांडेकरांनी हा युक्तिवाद संख्याशास्त्राच्या अंगानेच तपासला. माणसामाणसांत दिसणारा फरक हा एकाच माणसातला चढउतार आहे, हे गृहीत धरण्यास पुरेसा आधार नाही. रोज कमी खाणारा गरीब मनाने कमी खात नाही, त्याला मिळत नाही म्हणून खातो, असा त्यांच्या उत्तराचा गाभा. आहारतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांचा आक्षेप वेगळा होता. शरीर जुळवून घेते हे खरे, पण त्याची किंमत मोजते: उंची खुंटते, कामाची ताकद घटते, मूल खेळायचे कमी करते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी त्याच सुमारास ‘लहान पण निरोगी’ अशी कल्पना मांडली, तेव्हा गोपालन यांनी विचारले की असला निरोगीपणा गरिबांसाठीच का.

हा वाद निकालात निघाला नाही, नवे रूप घेऊन परतला. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये मुलांच्या वाढीची नवी प्रमाणे आणली. त्यांच्या पाहणीत दिल्लीतली सुस्थितीतली मुलेही होती, आणि पोषण नीट मिळाले तर सगळ्या देशांतली मुले जवळपास सारखीच वाढतात असा निष्कर्ष निघाला. अर्थतज्ज्ञ अरविंद पनगढिया यांनी 2013 मध्ये या प्रमाणांवर शंका घेतली: भारतीय मुले उपजतच लहान चणीची असतील तर कुपोषणाचा आकडा फुगतो. त्यावर अनेक अर्थतज्ज्ञांनी उत्तरे दिली. उघड्यावरची हगणदारी आणि आईचे स्वतःचे खुजेपण यांकडे लक्ष वेधले.

महाराष्ट्रात या काळात कामही झाले. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने बालमृत्यूंचा प्रश्न विधिमंडळापर्यंत नेला. 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. दोन वर्षांखालच्या मुलांमधले खुजेपण 2005-06 मधल्या 39 टक्क्यांवरून 2012 च्या राज्य पाहणीत 23 टक्क्यांच्या आसपास आले. म्हणजे लहान चण ही विधिलिखित नाही, एवढे तरी या अनुभवावरून म्हणता येते.

वजनाचे माप

प्रौढांसाठी दवाखान्यात वापरतात ते माप ‘बीएमआय’. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. बेल्जियमचे अडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात हे सूत्र लोकसमूहांच्या अभ्यासासाठी काढले. 1972 मध्ये अन्सेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले. एका माणसाच्या आरोग्याचा निवाडा करण्यासाठी ते जन्मले नव्हते.

दीड मीटर उंचीची बाई घ्या. कोकणात ही उंची सर्रास आढळते. तिचे वजन 41.6 किलोच्या खाली गेले की ती कृश ठरते. जागतिक मापाने 56 किलोच्या पुढे ती जाड ठरते. पण आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2004 मध्ये आशियासाठी 23 हा इशाऱ्याचा आकडा सुचवला, आणि 2009 मध्ये भारतीय डॉक्टरांनी तोच प्रमाण मानला. त्या हिशेबाने 52 किलोपासूनच सावध व्हायचे. म्हणजे साधारण 42 ते 52 या दहा किलोंच्या पट्ट्यात तिने आयुष्य काढायचे. त्यात बाळंतपणे आली, पाळी जाण्याचा काळ आला, शेतीच्या हंगामाची ओढाताण आली.

हे माप सोपे आणि बिनखर्चाचे आहे, मोठ्या पाहण्यांत उपयोगी पडते. ते टाकावे असे फारसे कोणी म्हणत नाही. पण चरबी आणि स्नायू त्याला वेगळे दिसत नाहीत, चरबी पोटावर आहे की मांड्यांवर हेही कळत नाही. म्हणून भारतात कमरेचा घेर मोजण्यावर भर आला: बाईला 80 सेंटिमीटर, पुरुषाला 90. जानेवारी 2025 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने आणखी पुढचे पाऊल टाकले. वजनामुळे अवयवांच्या कामात बिघाड दिसत असेल तर तो आजार, नसेल तर केवळ धोक्याची स्थिती, अशी विभागणी आयोगाने सुचवली. काहींना ती न्याय्य वाटते. धोक्याच्या स्थितीत उपचार लांबणीवर पडतील अशी भीती काहींना वाटते.

बारीक अंगातली चरबी

मराठी मुलखाने जगाच्या वैद्यकाला दिलेली एक मोठी भर इथे येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना दिसत होते की आपल्याकडचे मधुमेही रुग्ण तरुण आहेत आणि पाठ्यपुस्तकातल्यासारखे लठ्ठ नाहीत. 1993 मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत स्त्रियांची गर्भारपणाआधीपासून पाहणी सुरू केली. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची जन्मली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. पुण्याची बाळे हातापायाने, पोटाने, स्नायूंनी लहान होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारे बाळ आतून चरबी राखून होते.

2004 मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय 22.3. युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. बीएमआयची मर्यादा सांगायला हे एक छायाचित्र पुरेसे ठरले.

असे का होते, यावर तीन मते आहेत. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी 1962 मध्ये ‘काटकसरी जनुकां’ची कल्पना मांडली: दुष्काळात चरबी साठवणारे वंश तगले, आणि सुबत्तेत तोच गुण अंगाशी आला. तशी जनुके ठोसपणे हाती लागली नाहीत, आणि जॉन स्पीकमन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी या कल्पनेवर कडक टीका केली.

दुसरे मत ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड बार्कर यांचे. बाळ गर्भात असतानाच आईच्या पोषणावरून बाहेरच्या जगाचा अंदाज बांधते आणि मेंदू वाचवण्यासाठी स्नायू, स्वादुपिंड यांत काटकसर करते. पुढे अन्न मुबलक मिळाले की ते शरीर तोकडे पडते. याज्ञिकांचे काम या मताला बळ देते. त्यांच्या पाहणीत निम्म्याहून कितीतरी जास्त गरोदर स्त्रियांत बी-12 जीवनसत्त्व कमी होते. ते कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणे अधिक दिसली.

तिसरे मत पुण्याचेच डॉ. मिलिंद वाटवे यांचे. आधी लठ्ठपणा, मग इन्सुलिनचा अवरोध, मग मधुमेह ही साखळीच तपासून पाहायला हवी, असे ते म्हणतात. त्यांच्या मते अंगमेहनतीचे, धाडसाचे जगणे सुटून बैठे जगणे आले, त्याला मेंदू आणि शरीर यांनी दिलेला हा एकत्रित प्रतिसाद आहे. चरबी त्यातला एक धागा. हे मत अजून मुख्य प्रवाहात आलेले नाही, पण त्याने विचारलेले प्रश्न बाजूला टाकता येत नाहीत.

बार्कर-याज्ञिक मत खरे असेल तर आईचे जेवण आधीच सुधारायला हवे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये डॉ. रमेश पोतदार, कॅरोलिन फॉल आणि सहकाऱ्यांनी तसा प्रयोग केला. गर्भारपणाआधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध असलेला रोजचा खाऊ काही स्त्रियांना दिला. एकूण बाळांच्या वजनात ठळक फरक पडला नाही. ज्यांनी तीन महिने आधीपासून तो खाल्ला त्यांच्या बाळांचे वजन सुमारे 48 ग्रॅमने वाढले, पण सर्वांत कृश आयांना हा लाभ दिसला नाही. गर्भारपणातला मधुमेह मात्र 12.4 टक्क्यांवरून 7.3 टक्क्यांवर आला. एका पिढीच्या खाऊने अनेक पिढ्यांची तूट भरून निघत नाही, हा त्याचा एक अर्थ. तरीही काहीतरी निश्चित बदलते, हा दुसरा.

खेडच्या शेजारच्या चिपळूण तालुक्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने हा धागा कोकणात आणला. चिपळूण, गुहागर आणि संगमेश्वर तालुक्यांतल्या 16 ते 18 वर्षांच्या सुमारे दीड हजार मुलींची नोंद करून त्या पुढे आई होईपर्यंत त्यांचा माग ठेवायचा, असा तो अभ्यास आहे. कोकणातल्या मुलींच्या शरीराचा एवढा बारकाईने विचार होणे हीच मोठी गोष्ट आहे. त्याची पुरती फळे हाती यायला वर्षे जातील.

ताटात आणि कामात काय बदलले

2022-23 च्या घरखर्च पाहणीनुसार ग्रामीण भारताच्या खर्चात धान्याचा वाटा 4.91 टक्क्यांवर आला, तर चहा-शीतपेये, फरसाण, बिस्किटे असे तयार खाद्य 9.62 टक्क्यांवर गेले. रेशनवर जानेवारी 2023 पासून माणशी पाच किलो धान्य फुकट मिळते, पण ते तांदूळ आणि गहूच. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत रोजच्या कॅलरींपैकी सुमारे 62 टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात असे दिसले. पोट भरते, पण डाळ, अंडे, मासळी, भाजी तोकडी राहते.

खेडजवळच्या भरणे नाक्यावर उभे राहिले की हा बदल डोळ्यांसमोर येतो. टपरीत वडापाव, चहा, लोंबणारी वेफर्सची पाकिटे. लोटे औद्योगिक वसाहतीच्या कारखान्यांतली पाळी संपवून येणारे कामगार तिथेच भूक भागवतात. गावाकडे माणसे नाहीत म्हणून शेते पडीक, नाचणी दुर्मिळ. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यावर तीच नाचणी शहरात चकचकीत पाकिटातून परत आली, गावातल्यापेक्षा महाग होऊन.

लठ्ठपणा शहरातला रोग, ही समजूत आता टिकत नाही. 2019 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासानुसार 1985 ते 2017 या काळात बीएमआयमध्ये झालेल्या वाढीतला निम्म्याहून जास्त वाटा ग्रामीण भागांचा होता. कारण कोणते, यावर एकमत नाही. कष्ट सुटले म्हणून वजने वाढली, असे आपण सहज म्हणतो. हर्मन पाँट्झर यांनी टांझानियातल्या हाद्झा शिकाऱ्यांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला, तेव्हा शरीराच्या आकाराचा हिशेब धरता तो शहरी माणसाइतकाच निघाला. मग दोष खाण्याकडे जातो. केविन हॉल यांच्या 2019 च्या प्रयोगात वीस जणांना आळीपाळीने साधे आणि अतिप्रक्रिया केलेले अन्न हवे तेवढे खाऊ दिले. अतिप्रक्रिया केलेल्या जेवणावर ते दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होते. अर्थात कष्टाचा फायदा वजनापुरता नसतो. स्नायू, शुगर आणि मन यांना तो वेगळा मिळतो, यावर कुणाचे दुमत नाही.

वजन उतरवण्याच्या वाटा

2018 च्या सुमारास महाराष्ट्रात घराघरांत दोन नावांवरून वाद झडले. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून मांडलेली पद्धत अशी: कडकडून भूक लागेल त्या दोन वेळा ओळखा, दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दर खाण्याला इन्सुलिन सुटते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, हा त्यामागचा तर्क. राज्य सरकारने त्यांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे दूत नेमले. ऋजुता दिवेकर यांचा सल्ला उलट: भूक मारू नका, थोडे थोडे आणि वेळेवर खा, तूप-भात-केळे या आपल्या अन्नाला घाबरू नका, आजी खायची ते खा.

दोन्ही बाजूंना अनुयायी मिळाले, कारण दोघांनीही माणसाला हिशेबाच्या जाचातून सोडवले. दीक्षितांची वाट फुकट आहे, गरिबाला परवडते, आणि शेकडो गावांत लोकांनी ती एकमेकांच्या आधाराने चालवली. दिवेकरांनी स्थानिक अन्नाची प्रतिष्ठा परत दिली आणि अपराधीपणा कमी केला. शंका दोघांबद्दलही आहेत. वेळ मर्यादित ठेवून खाण्याचे जे प्रयोग जगात झाले, त्यांत बहुतेकदा वजन साध्या कमी खाण्याइतकेच उतरले. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवणे कमी केली तर शुगर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. गरोदर बाई आणि वाढते मूल यांना हा मार्ग नाही. दुसरीकडे, बैठ्या माणसाने दर दोन तासांनी खायचे ठरवले तर एकूण खाणे वाढणार नाही याची हमी नसते.

तिसरी वाट औषधांची. तिला 1994 मध्ये लेप्टिन आणि 1999 मध्ये ग्रेलिन सापडल्यानंतरची पार्श्वभूमी आहे: भूक आणि तृप्ती ही बरीचशी संप्रेरकांची भाषा आहे, निव्वळ निग्रहाची बाब नाही. आठवड्यातून एकदा टोचायच्या सेमाग्लुटाइडने 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन उतरले. टिरझेपाटाइडच्या मोठ्या मात्रेने 72 आठवड्यांत 20.9 टक्के. टिरझेपाटाइडचे ‘मौंजारो’ भारतात मार्च 2025 मध्ये आले, सेमाग्लुटाइडचे ‘वेगोव्ही’ जूनमध्ये. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च 2026 पर्यंतची, त्यामुळे स्वस्त पर्यायांची वाट मोकळी होते. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. चरबीबरोबर स्नायूही झडतात. आधीच स्नायू कमी असलेल्या आपल्या लोकांना ते किती झेपेल, हा इथला खास प्रश्न आहे. या औषधांच्या चाचण्यांतले बहुसंख्य लोक गौरवर्णीय आणि आपल्याहून खूप जड होते.

भूक मनातली, नजर समाजाची

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात कीज यांनी 36 तरुण स्वयंसेवकांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवले. निरोगी, समंजस तरुण ताटल्या चाटू लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. प्रयोग संपल्यावर कित्येकांना पोट भरल्याचे समाधानच होईना. भूक लादली की मन अन्नाभोवतीच फिरू लागते. वजन कमी करणाऱ्याला ‘तुझ्यात निग्रह नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग लक्षात ठेवावा. उपाशी पोटी कामावर जाणाऱ्याला आळशी म्हणणाऱ्यानेही ठेवावा.

आपल्याकडे भुकेशी स्वेच्छेचे नातेही आहे. खेडच्या बाजारपेठेत एकादशीचा उपास आणि रमजानचा रोजा दोन्ही पाळले जातात. उपास सगळ्यांनी मिळून केला, त्याला सुरुवात आणि शेवट असला, की तो माणसाला बळ देतो असा पुष्कळांचा अनुभव आहे. त्याच घरात मुलीला ‘किती वाळलीस’ आणि वर्षभराने ‘जरा सुटलीस’ हे दोन्ही ऐकावे लागते. स्थळे बघताना तिचे वजन चारचौघांत चर्चेला येते. पंगतीत आग्रह करणे हे प्रेम आणि नको म्हणणे हा अपमान, ही रीतही कायम आहे. खाण्याचे मानसिक विकार हे शहरी, सुखवस्तू मुलींचे, असे मानून आपण त्यांचा अभ्यास फार थोडा केला आहे. एक मत असे की वजनाऐवजी आरोग्याच्या सवयींवर बोलावे, म्हणजे माणूस दवाखान्याला घाबरणार नाही. दुसरे मत असे की मधुमेहाचा धोका समोर असताना वजनाबद्दल गप्प बसणे परवडणारे नाही. दोन्हींत तथ्य आहे. बोलावे कसे, हे डॉक्टरांना आणि घरच्यांना कोणी शिकवत नाही, ही खरी उणीव.

न सुटलेले प्रश्न

काही गोष्टी आता बऱ्याच पक्क्या झाल्या आहेत. शरीर अपुऱ्या अन्नाशी जुळवून घेते, आणि त्याची किंमत मोजते. सुखात्मे आणि गोपालन दोघेही आपापल्या अर्ध्या भागात बरोबर होते. बीएमआय एकट्याने माणसाचा निवाडा करू शकत नाही. आईची भूक मुलाच्या मध्यम वयापर्यंत पोचू शकते. आणि वजन हे केवळ मनोनिग्रहाचे फळ नाही.

बाकी बरेच उघडे आहे. खुज्या मुलाला भरभर वजन वाढवणारा आहार दिला तर तो वाचतो, पण पुढे त्याला मधुमेहाचा धोका वाढतो का; उंची वाढवणारे आणि केवळ चरबी वाढवणारे पोषण वेगळे कसे करायचे? कृश आयांना खाऊचा लाभ का मिळाला नाही, आणि किती पिढ्या नीट जेवल्यावर ही तूट भरेल? रेशनवर धान्याबरोबर डाळ, तेल, अंडी देणे राज्याला पेलेल का? नवी औषधे बारीक अंगाच्या, पोट सुटलेल्या मराठी माणसाला किती मानवतील, आणि आयुष्यभर घ्यावी लागली तर त्यांचा खर्च कोण करील? मुंबई आणि गाव यांत येजा करणाऱ्या कुटुंबाचा आहार नेमका कुठे मोजायचा?

या सगळ्याकडे पाहिल्यावर एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. कुपोषण आणि लठ्ठपणा यांची खाती, योजना, तज्ज्ञ आणि यादी आपण वेगळी ठेवली, पण शरीराने त्यांची कधीच फारकत केली नाही. गिरणीच्या काळात शेवटी जेवणाऱ्या बाईची जी मुलगी आज शुगरची गोळी घेते, तिच्यात दोन्ही एकत्र आले आहेत. म्हणून अंगणवाडीची नोंद आणि उपकेंद्राची नोंद घरवार जोडून पाहणे, किशोरवयीन मुलीच्या ताटाला आरोग्यखर्चातला पहिला हक्क देणे, आणि नाचणी, कुळीथ, मासळी गावातच परवडणाऱ्या भावात मिळवून देणे, ही कामे शास्त्रज्ञांचा उरलेला वाद मिटण्याची वाट न पाहता सुरू करता येतील. यांपैकी कोणत्याही कामात हात घातल्याने, त्या वादाचा निकाल कसाही लागला तरी, नुकसान होणार नाही.